छपराखालचा फुटबॉल आणि शांताची सोयरीक

मंगरूळपीरला मी छपराखालच्या फुटबॉलची लीग स्थापन केली, तेव्हा गावात फुटबॉल एक होता आणि छप्पर एकही नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाव वाढत होतं. नवी कचेरी, नवा साहेब, हॉटेलात पहिल्यांदाच दोन प्रकारचा चहा! मी त्याच कचेरीत कनिष्ठ कारकून. साहेब एकदा सहज बोलून गेले की मोठ्या शहरांत म्हणे पावसाळ्यात छपराखाली, पाच-पाच जणांचा फुटबॉल खेळतात. झालं! आमच्या काळ्या मातीत श्रावणात चेंडू पुढं जायचा आणि बूट मागं राहायचा. आम्ही त्याच संध्याकाळी समिती नेमली. पदाधिकारी अकरा, खेळाडू आठ. (उरलेले तीन पदाधिकारी मार्गदर्शक.)

मग छप्पर शोधायला निघालो. शाळेचा हॉल मागितला. हेडमास्तर म्हणाले, "जरूर खेळा. फक्त चेंडू आणू नका."

जिनिंगच्या गोदामाचा मुकादम म्हणाला, "कापूस संपला का या."

"कधी संपन?"

"संपला तर मी इथं काय करीन, भाऊ?"

शेवटी सरकारला अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं: जुन्या छपराचा तपशील जोडावा!

मग मला आमच्याच मळ्यातलं टिनाचं शेड आठवलं. बाबांना सारे माळीबुवा म्हणत; ते गावाबाहेर भाजीपाला पिकवायचे आणि त्या शेडमध्ये कांदे ठेवायचे. मी गेलो तेव्हा ते कांदे कोपऱ्यात सारून मेथीच्या जुड्या बांधत होते.

"बाबा, रविवारी शेड रिकामं पाह्यजे होतं."

"मी तेच करून राह्यलो. किती जन येतीन?"

"पाच."

"पाचच? तुह्या मायले सांगतो, पोहे जास्तच कर मने."

आयुष्यभर चेंडूला शिव्या देणारा हा माणूस खेळाडूंसाठी पोहे करायला सांगतो!

खरी गोष्ट अशी, की त्याच रविवारी माझ्या धाकट्या बहिणीला, शांताला, पाहायला रिठद गावचे पाहुणे यायचे होते. चहापाणी घरी आणि पंगत शेडमध्ये, असा बाबांचा बेत. मलाही सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा लीगची घटना लिहीत होतो.

त्यात मी आणखी एक पराक्रम केला. रविवारच्या पहिल्या सामन्याचा कागद बसस्टँडवर चिकटवला, त्यावर पत्ता मळ्याचा. पण शेजारच्या किन्हीराजा गावच्या संघाला जे पत्र धाडलं, त्यात कचेरीच्या सवयीनं 'राहते घर' लिहून मोकळा झालो!

रविवारी दहाच्या बसमधून पाच जण उतरले. 'माळीबुवांचे पाहुणे' म्हटल्याबरोबर पानवाल्यानं माझ्या कागदाकडं बोट दाखवलं आणि त्यांना सरळ मळ्यात पाठवलं. एक फेटेवाले आजोबा, तीन मध्यमवयीन गृहस्थ आणि टेरिलीनची पँट घातलेला एक तरुण. शेडमध्ये वाट पाहणाऱ्या मला किन्हीराजाचा संघ जरा पोक्त वाटला. पण आपण कोणाला हसायचं?

"या, या! लय उशीर केला. चला, कपडे बदला."

"कायले? हे काय वाईट हायेत?" आजोबा म्हणाले.

"तसं नाई, पन पँटीवर कसं जमन? हाफपँट आनली का?"

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मुलगा पारखायची ही नवी शहरी तऱ्हा असावी, असं त्यांना वाटलं. (गाव वाढत होतं ना!) बिचाऱ्या तरुणानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"पोरगी कुठं हाय?" त्यानं हळूच विचारलं.

"पोरी नाई घेत आमी लीगमंदी."

"मंग पसंती कशी करता?"

"खेळ पाहून!"

तो गोलकी म्हणून गोलात उभा राहिला. मी पूर्ण ताकदीनिशी लाथ मारली. चेंडू टिनावर आदळला, तिथून उलटला आणि आजोबांचा फेटा घेऊन कांद्यांत गेला.

इकडं घरी काय चाललं होतं, ते मला नंतर शांतानं सांगितलं. किन्हीराजाची पाच तरणी पोरं ओसरीवर पोहे खात बसली होती. बाबांनी विचारलं, "यातला मुलगा कोनता?"

"आमी सारेच मुलगे हावो, काका."

तेवढ्यात एक उंच पोरगा म्हणाला, "मी गोलकी."

"पर्मनंट?"

"तीन सालापासून! माह्या जागेवर दुसरा कोनी चालतच नाई."

"वा! अशी नोकरी पाह्यजे," बाबा खूश झाले. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी त्याच्या मामाचं गाव, आत्याचं आडनाव काढून नातंही जुळवलं. शांता चहा घेऊन आली, गेली. मग बाबा त्या पाचही जणांना जेवायला मळ्यात घेऊन आले.

दारातच थबकले. "अबे, हे कोन?"

"किन्हीराजाची टीम."

"मंग म्या पोहे कोनाले चारले?"

टिनावर पाऊस वाजत होता. आजोबांनी कांद्यांतून फेटा उचलला, झटकला आणि म्हणाले, "आमी पोरगी पाहाले आलो होतो, बुवा. चेंडू खायाले नाई." रिठदचे पाचही जण भिजत बसस्टँडकडं गेले. बाबा कांद्यांच्या ढिगावर मटकन बसले. शांताचं हे तिसरं स्थळ होतं. मला लीगसकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

घरी जाऊन मी शांतासमोर मान खाली घातली. "शांते, माह्यापायी तुहं स्थळ गेलं."

"गेलं ते जाऊ दे. आलं त्याचं पाह्य."

"कोनतं आलं?"

"तो गोलकी. आजवर दोघं येऊन गेले, सैपाक येतो का, शिवन येते का, हेच इचारलं. यानं इचारलं, 'तुमी चहा घेतला का?'" आणि ती आत निघून गेली.

आठवड्यानं बाबा किन्हीराजाला गेले. पोरगा शाळेत मास्तर निघाला, तोही पर्मनंट! फाल्गुनात त्याच शेडमध्ये लग्न लागलं. जावई अजूनही सांगतात, की या मळ्यात आपण एकही गोल अडवला नाही, तरी जिंकलो.

पुढं माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा बाबांनी मला सोबत नेलंच नाही. मुलगी ते एकटेच पाहून आले, आणि लग्नाची तारीखही त्यांनी मला आदल्या आठवड्यातच सांगितली.