सातवी ‘ब’ने धरलेलं मौन

मी तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला आणि तिसऱ्यांदाही एकही हात वर झाला नाही. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका फ्राऊ हान्सेन वही उघडून बसल्या होत्या. माझा प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरीतला उमेदवारीचा काळ, संपत आला होता. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे याच तासावर ठरणार होतं.

हॅम्बर्गच्या या शाळेत मी इंग्रजी शिकवते. विषय होता अमेरिकेतला वर्णभेद आणि तो मोडून काढणारी माणसं. कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन शांत बसायचे, शिव्या खाल्ल्या तरी उलट बोलायचे नाहीत आणि त्याची आधी तालीमही करायचे, हे मुलांनी स्वतः शोधून काढलं होतं. मी खूश होऊन गृहपाठ दिला: तुमच्या आसपासचा एक अन्यायकारक नियम शोधा. हौस माझी!

जर्मन शाळेत हात वर करून बोलण्याला मार्क असतात, आणि ते थोडेथोडके नसतात. मी साताऱ्याच्या शाळेत ‘गप्प असते, गुणाची आहे’ हे ऐकत वाढले. इथे येऊन मात्र जर्मनांपेक्षा कडक झाले. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेली सानिका लेखी परीक्षेत पहिली, पण वर्गात चकार शब्द काढत नसे. तिला मी तोंडीत पाच दिले होते. इथे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास.

“लेना, तू तरी सांग, तुला कोणता नियम सापडला?”

लेनाला एरवी गप्प करताना माझा घसा बसतो. ती हाताची घडी घालून माझ्याकडे प्रेमाने बघत राहिली.

“बरं, फ्राऊ केळकर,” हान्सेनबाई म्हणाल्या, “वर्ग नेहमी असाच असतो?”

“नाही हो! एरवी ओरडावं लागतं.”

तेवढ्यात एक हात वर झाला. सानिकाचा! ती उठली आणि हातातला कागद उघडून जर्मनमधून वाचू लागली. “आम्हाला सापडलेला नियम: जो गप्प, तो नापास. नियम राबवणारी व्यक्ती: फ्राऊ केळकर. आज सगळे गप्प राहतील. पाच द्यायचे तर सगळ्यांना द्या. घंटा झाल्यावर आम्ही बोलू. अर्जाच्या दोन प्रती जोडल्या आहेत.”

“पण आजच का गं?” मी विचारलं.

“लोक बघत असतील तिथे बसायचं, असं तुम्हीच सांगितलंत!” लेनाला राहवलं नाही. अख्ख्या वर्गाने तिला दटावून गप्प केलं.

कागद माझ्या हातात देताना सानिका हळूच मराठीत म्हणाली, “मॅडम, रागावू नका हं.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साताऱ्याच्या वर्गात गप्प बसणारी ती गुणाची मुलगी मीच नापास केली होती.

दोन दिवसांनी हान्सेनबाईंचा अहवाल आला. ‘उद्दिष्ट: अन्याय ओळखून शांततेने विरोध करणे. पूर्ण साध्य. वर्गाचा तोंडी सहभाग: एक विद्यार्थिनी.’ मला कायम केलं. आता बुजऱ्या मुलांची लेखी उत्तरंही तोंडीत धरली जातात. सानिकाला त्या वाचनासाठी मी एक दिला.

मुलांना अन्याय शोधायला जरूर सांगावं. फक्त त्याआधी आपली मार्कांची वही एकदा चाळून घ्यावी.