दौंडच्या वाटेवरचे नवे इंजिन

गाडी घेतली तेव्हा मी निवृत्त झालो होतो, आणि परवाना तर गाडीइतकाच नवा होता. आयुष्यभर पुस्तकांच्या आधाराने शिकवत आल्यामुळे गाडीबरोबर मिळालेले माहितीपुस्तकही मी पहिल्या पानापासून वाचले. नवे इंजिन रुळेपर्यंत त्यावर ताण टाकू नये, ॲक्सिलरेटर एकदम दाबू नये. माझ्या स्वभावाला इतका मानवणारा नियम क्वचितच वाचनात आला असेल.

त्याच आठवड्यात न्हावऱ्याला राहणाऱ्या थोरल्या बहिणीचा मला शिरूरला फोन आला. तिचा मुलगा फौजेत आहे. बदली होऊन तो उत्तरेतून दक्षिणेकडे निघाला होता, मध्ये रजा नव्हती. आमच्याकडे असे कोणी दौंडवरून जाणार असले की घरचे लोक जेवण घेऊन फलाटावर जातात आणि आगगाडी थांबते तेवढ्यात भेट उरकतात. तिने त्याला वर्षभर पाहिले नव्हते, म्हणून मी तिला माझ्या गाडीतून दौंडला न्यायचे ठरले.

न्हावरे सोडले आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर लागला.

"आरं, काढ की पुढं. समोर कुणी न्हाई," आक्का म्हणाली.

"नवीन इंजिन आहे, आक्का. सुरुवातीला त्याला दमवायचं नसतं."

"व्हय का? मंग ऱ्हाऊ दे बाबा. मला काय कळतंय त्यातलं."

त्यानंतर ती नुसती मोबाइलमधली वेळ बघत राहिली. त्या पुस्तकात पुढच्याच ओळीत असेही होते की फार वेळ एकाच वेगाने चालवू नये, वेग थोडा कमी-जास्त करत राहावा. ती ओळ मला पाठ होती. भीती मला ट्रॅक्टर ओलांडण्याची वाटत होती, आणि बहिणीपुढे ती कबूल करण्यापेक्षा इंजिन पुढे करणे सोपे गेले. रस्ता दोनदा-तीनदा लांबवर मोकळा दिसला. प्रत्येक वेळी मी आरशात पाहिले आणि मागेच राहिलो. चौफुल्याच्या अलीकडे ट्रॅक्टर वळला, तोवर व्हायचा तो उशीर झाला होता.

आम्ही जिना उतरून फलाटावर आलो, तेव्हा आगगाडी सुटून वेग घेत होती. आक्का जेवणाची पिशवी छातीशी धरून चार पावले धावली आणि थांबली. थोड्या वेळाने भाच्याचाच फोन आला. तिने स्पीकर चालू केला.

"मामा, गाडी चालवत आणली का ढकलत?" तो हसत होता, पण आवाज जड होता.

"गप बस," आक्का म्हणाली. "नव्या इंजिनाला दमानंच घ्यावं लागतंय. पुस्तकातच लिवलंय तसं. व्हय न्हवं रं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवली.

इंजिन आता उत्तम रुळले आहे. भावाने नवी गाडी किती जपली, हे आक्का न्हावऱ्यात कौतुकाने सांगते, कधी कधी माझ्यासमोरच. भाचा अद्याप रजेवर आलेला नाही.