बंद दारापुढचा टेपरेकॉर्डर

मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी गच्चीतला कॉक फिरवून तळमजल्यावरच्या कांबळेकाकूंचं पाणी तोडलं. साहेब दार उघडत नाहीत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भांडणं टेपरेकॉर्डरवर मिटवतात. माइकमध्ये फुंकर मारून म्हणाले, "काकू, आपण रेकॉर्डवर बोला." ती तक्रार त्यांनी साहेबांच्या दारापुढे वाजवली, आतली शांतता अदबीने टेप केली आणि खाली येऊन काकूंना ऐकवली.

"अहो, यात काहीच नाही!"

"नकार आहे का? नाही ना? म्हणजे बोलणी सुरू आहेत."

सेक्रेटरी माणूस सज्जन आहे, म्हणून तर जास्त चीड येते. काकू शेजारच्या इमारतीतून बादल्या आणतायत आणि हे नवी कॅसेट आणायला बुधवार पेठेत गेलेत. मी कॉक उघडला की साहेब पुन्हा बंद करतात. तेव्हा जिन्यात लावलेला हा कागद वाचणाऱ्यांनो, आज सगळे गच्चीवर चला आणि कॉकपाशी उभे राहा.