आयरिसला थंडी पाहिजे

यवतमाळात आयरिस फुलत नाही. आज हे मी सहज लिहितो. तेव्हा आईसमोर हे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती.

कंद ताईने पाठवलेला. वडिलांनी आणलेल्या स्थळी तिचं लग्न झालं आणि ती पार हिमाचलात गेली, जिथे अंगणात बर्फ पडतो. एकदा भाऊजी इकडे आले, त्यांच्या बॅगेतून तो आला. आईने फोनवर फुलाचा रंग विचारला तर ताई म्हणाली, "सांगत नाही. फुललं का तूच पाहजो." त्याच हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती गेली. आईला त्या कंदावर ताईचा रंग पाहायचा होता, बाकी काही नको होतं.

आईने कंद कुंडीत हळदीसारखा खोल पुरला, वर बाभुळगावहून आणलेली काळी माती लोटली. काळ्या मातीत काहीही येतं, हा आम्हा लोकांचा माज. पावसाळ्यात अर्धा कंद सडला. भाऊजींना विचारलं तर ते म्हणाले, कंदाची पाठ उघडी ठेवा, मातीत वाळू घाला. पण हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागल्याशिवाय कळी धरत नाही. ऊन आमच्याकडे पोत्याने होतं. थंडी कुठून आणणार?

नर्सरीवाल्याने आपल्या उन्हात टिकणारा दुसराच आयरिस दिला, पांढऱ्या फुलांचा. तो लगेच फुलला. आईने तो शेजारणीला देऊन टाकला. आणि पौषात बसस्टँडजवळच्या लस्सीवाल्याकडून बर्फ आणून ती कुंडीत घालू लागली. गल्ली हसायची. मला तिचा रागही यायचा आणि रडूही.

वडील कापूस खरेदी केंद्रावर नोकरीला होते. वर्षं कापसाची वाईट होती. कुठल्या ना कुठल्या गावात कुणी जीव दिल्याचं केंद्रावर कळायचं, आणि वडील जेवताना मान वर करायचे नाहीत. बर्फाबद्दल त्यांनी एकदाच विचारलं, काहून करून राह्यली हे. आई बर्फ फोडत राहिली.

पानं यायची, कळी नाही. दर वर्षी पानं आखूड होत गेली. शेवटी आईने कुंडी उलटली. बोटाएवढा कंद उरला होता. तो चिंधीत बांधून तिने माझ्यापुढे ठेवला.

"परत धाडून दे. ज्याचं जिथं, तिथंच जगते ते. पोरीच्या वक्ताले आपल्याले समजलं नाही."

वडील ताटावरून उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

काही वर्षांनी भाऊजींचा फोन आला, फुललाय म्हणून. फोन आईनेच घेतला होता. ते रंग सांगायला लागले तशी ती म्हणाली, "नोका सांगू," आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन स्वयंपाकघरात गेली.

रंग मला तेव्हाच कळला. आईच्या शेवटच्या आजारात तो कितीदा ओठांवर आला. तिने विचारला नाही, आणि मी सांगितला नाही.