बराकीच्या भिंतीवरचा शब्द

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बीए झालो तेव्हा पुनावळ्यात कुणाला इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडं यायचं, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास दाजी पिंपरीच्या माळावर नव्या कारखान्याच्या बांधकामावर लागले. राहायला लढाईतल्या जुन्या बराकीत खोली मिळाली. थोरली आक्का तिथं गेली आणि बिघडली. दिवस कलला की हातातलं काम टाकून बाहेर भिंतीला पाठ लावून, हात सरळ सोडून उभी राहायची. विचारलं तर म्हणायची, "मोजायला येत्यात न्हवं." अन्न तुटलं होतं. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या.

तिच्या पाठीमागं चुन्याखालून काळी इंग्रजी अक्षरं वर आली होती. दाजी म्हणाले, "वाचा की पाव्हणं. बीए कशाला झालाय?"

"इंटर्नीज," मी वाचलं. "म्हणजे स्थानबद्ध."

"कैदीच की मग."

"नाही. कैद्यानं गुन्हा केलेला असतो, त्याच्या शिक्षेला मुदत असते. लढाईत इंग्रजांनी निव्वळ शत्रूच्या मुलखातला गोरा म्हणून साध्या माणसाला कोंडलं, तर त्याला हा शब्द. त्याला ना गुन्हा, ना मुदत."

दाजींची आई उंबऱ्यात बसली होती. "मंग जो हितंच मेला, त्येला सुटलास म्हणून कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "तू सांग. त्येंच्या भाषेत."

मला हसू आलं. पण आक्काकडं पाहिलं आणि भिंतीसमोर उभा राहिलो. कॉलेजातल्या आवाजात म्हणालो, "यू आर फ्री. यू मे गो."

वारा नव्हता. आक्का अंग चोरून बाजूला सरली, जत्रेत गर्दीला वाट देतात तशी. तिची नजर फाटकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. बराच वेळ.

"गेले?" मी विचारलं.

"एक ऱ्हायलाय. त्येला इंग्रजी येत न्हाई."

गोऱ्यांतही इंग्रजी न येणारा असतो, हे शाळा न पाहिलेल्या आक्काला कुठून ठाऊक? मग घरच्या बोलीत म्हणालो, "बाबा, लढाई सपली. जा घरला."

आक्कानं शेजारी कान दिला. "कुठल्या घरला, इचारतोय."

मी तिचा दंड धरला आणि निघालो. दाजी मागून ओरडले, "बायकू न्हाई म्हटल्यावर खोली जाईल, राव!" जाऊ दे म्हटलं. फाटकापर्यंत आक्का वळून वळून बघत होती, आणि दर वेळी हातानं कुणाला तरी ये म्हणत होती.