भिंतीवरचा नेल्फी

आमच्या साखर कारखान्याच्या वस्तीतल्या मैदानाला माझ्या भावाचं नाव देणार, हे ऐकून माझं डोकंच फिरलं. तिथल्या भिंतीवर रंगवलेलं नाव माझ्या धाकट्या भावाचं होतं, नेल्फीचं. तो तिसऱ्या वर्षीच तापाने गेला. चेंडू टाकून खांद्याची वाट लावून घेतली ती थोरल्याने, एलिहियोने.

हे सगळं फुलेन्सियोचं पाप. पोरं घडवायची आणि अमेरिकेच्या बेसबॉल क्लबांच्या गळ्यात मारायची, हा त्याचा धंदा. एलिहियो तेव्हा एकोणीसचा. त्याचा चेंडू झेलणाऱ्याचा हात सुजायचा. फुलेन्सियो आईला म्हणाला, "वहिनी, एकोणिसाव्या वर्षी पिचरला कुत्रं विचारत नाही. सोळाचा हवा. धाकट्याचा जन्मदाखला आहे ना? नुसता पेटीत कुजतोय." नेल्फी गेला तो डोंगरातल्या जुन्या गावी, इथे आम्ही नवे, कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. आईने दाखला दिला. मी आडवी आले नाही, याचा राग मला अजून स्वतःवर येतो.

एलिहियो अकरा वर्षं पिचर होता. रेडिओवर 'नेल्फी, नेल्फी'. क्लबचा माणूस कधीही टपकायचा, म्हणून घरातही नेल्फीच म्हणायचं. दर ऑगस्टमध्ये नेल्फीच्या तिथीला आई जुन्या गावी जाऊन बायका जमवून जपमाळ करायची, आल्याची कॉफी द्यायची. तेही बंद पडलं. काल ज्याने सात जणांना बाद केलं, त्याच्या नावाने मेणबत्ती लावायची कशी? आई तो दिवस नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

मग खांदा दुखायला लागला. क्लबचा डॉक्टर हसला. "सत्तावीसचा घोडा तू, कसला खांदा दुखतो? कामचुकार." खरं वय तीस, पण सांगतो कुणाला! गप टाकत राहिला. शेवटी खांद्यातली शीर तुटली आणि मेल्यांनी त्याला एका बॅगेसकट घरी धाडलं.

आणि आता सत्कार! नगराध्यक्षांनी तारीख विचारली, ती आईने सांगितली. ती तारीख कसली ते माझ्याही ध्यानात आलं नाही. त्या दिवशी फुलेन्सियो माइक धरून "माझा नेल्फी" करत होता. मी तो हिसकावणारच होते, तेवढ्यात आई उठली. भिंतीपाशी गेली, नावाखाली मेणबत्ती लावली, गुडघे टेकले आणि मेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना सुरू केली.

फुलेन्सियो पांढराफटक पडला. "अहो वहिनी, काय अभद्र करताय? नेल्फी जिवंत आहे, हा काय समोर बसलाय."

"हा नाही तो," आई म्हणाली. "तो तीन वर्षांचा होता. आज त्याची तिथी."

वारा सुटला होता, ज्योत विझायला आली. आईने मान वळवून हाक मारली, "एलिहियो, इकडे ये रे. आडोसा धर."

उजवा हात वर होत नव्हता, म्हणून त्याने डावा धरला.

"आलो, आई," म्हणाला.