महालक्ष्म्यांच्या जेवणाला अग्निशमनची गाडी

आमच्या घरच्या महालक्ष्म्यांना एका वर्षी अग्निशमनची तीन माणसं जेवून गेली, आणि आमंत्रण मी दिलं होतं.

खरं तर मी कोणाला आमंत्रण देणारी बाई नव्हे! लग्नाला एकवीस वर्षं झाली, तरी दारात परका पुरुष दिसला की माझा पदर आपोआप पुढे येतो आणि आवाज आपोआप पोटात जातो. दुकानात साखर मागायची तर मी आधी चार गिऱ्हाइकांना पुढे जाऊ देते. (चौघं जाईपर्यंत कधीकधी साखरच संपते.) त्यामुळे ही हकिकत तोंडाने सांगणं मला जमत नाही. वहीत लिहायला वहीची लाज वाटत नाही.

आमचं घर किन्हीराजाला. पुढे बैठकीची खोली, मागे स्वयंपाकघर. महालक्ष्म्या बैठकीच्या खोलीत, खिडकीजवळ बसतात. त्यांच्यापुढे जो दिवा लागतो तो तीन दिवस विझू द्यायचा नाही. त्या दिव्याची राखण माझ्या सासूबाईंकडे, म्हणजे आत्याबाईंकडे. त्यांचे गुडघे इतके दुखतात की त्यांना पाटावरून उठवायला दोन माणसं लागतात. पण दिव्यापाशी बसल्या की तीन दिवस उठायचं नावच नाही.

मधला, जेवणाचा दिवस होता. सोळा भाज्या चिरून झालेल्या, पुरणाचं मोठं पातेलं शेजारच्या उषाबाईच्या अंगणातल्या चुलीवर रटरटत होतं, आणि नेमका आमचा गॅस संपला. आमचे हे केळीची पानं आणायला गेलेले. मी नवा सिलिंडर ओढत आणला, तशा आत्याबाई बैठकीतून ओरडल्या,

"पूजा केल्याशिवाय लावजो नोको! लक्ष्मीच्या दिवशी घरात आली वस्तू, तिले हळद-कुंकू लाव. अक्षदा टाक."

मी लावलं हळद-कुंकू. उदबत्ती ओवाळली. मग वरची प्लास्टिकची टोपी काढून (म्हटलं, पूजा करायची तर तोंड झाकून कशी करायची?) चिमूटभर अक्षदा सिलिंडरच्या थेट तोंडावर टाकल्या आणि नमस्कार केला. टोपी आत्याबाईंनी मागून घेतली. त्यांचा सुपारीचा गणपती सारखा घरंगळत होता, तो त्यांनी त्या टोपीत बसवला. फार छान बसला.

मी रेग्युलेटर बसवला. खटका फिरवला. शेगडी अजून पेटवली नव्हती, तोच वास आला.

"आत्याबाई, वास येऊन राह्यला!"

"कढीत हिंग जास्त टाकला असन तू!"

कढी अजून झालीच नव्हती. मी घाबरून खटका बंद केला, तरी वास. रेग्युलेटरच काढून टाकला, तर वास कमी व्हायच्या ऐवजी सिलिंडर बोलायलाच लागला. सूंऽऽऽऽ! माझ्या उभ्या आयुष्यात माझ्यापेक्षा मोठ्याने बोललेला पहिलाच सिलिंडर!

मी मागच्या दाराने अंगणात पळाले. भिंतीपलीकडे उषाबाई होती. उषाबाई म्हणजे माझा आवाज. बँकेत, दवाखान्यात, शाळेत जिथे मला बोलायचं असतं तिथे उषाबाई बोलते. मी हातवारे केले, तिने वास घेतला, आणि तिथूनच फायर ब्रिगेडला फोन लावला. स्पीकरवर.

तेवढ्यात हे पानांचा भारा घेऊन मागच्या दारात. नाक उडवत म्हणाले, "कायचा वास हाय वं? पंखा लाव ना, निंगून जाईन वास!" आणि पंख्याच्या बटनाकडे हात नेला.

"बटनाले हात लावू नोका!" फोनमधला माणूस कडाडला.

ह्यांचा हात हवेतच राहिला. पानं खाली पडली. "याले कसं दिसलं?" हे म्हणाले.

"दिसत नाही, सगळे पंखाच लावतेत!" फोन म्हणाला. "चालू असन ते चालू राहू द्या, बंद असन ते बंद. ठिणगी उडते. दारं उघडी टाका अन् सगळे बाहेर निंघा, आमी येऊन राह्यलो. जवळपास चुली असतीन त्या इझवा."

उषाबाईने एका हाताने फोन धरला आणि दुसऱ्या हाताने बादली उचलून चुलीवर ओतली. अर्धं पाणी चुलीत गेलं, अर्धं आमच्या पुरणात.

सगळे बाहेर आले. म्हणजे मी, हे, उषाबाई आणि निम्मं गाव. आत्याबाई आल्या नाहीत.

"माय, बाहेर ये! गॅस सुटला!" हे समोरच्या दारातून ओरडले.

"तुमचा गॅस सुटला तं सुटो. माहा दिवा इझला तं लक्ष्म्या उठून जातीन!"

हे आत शिरायला निघाले. आत्याबाईंनी दोन्ही हात दिव्याभोवती धरले. "खबरदार! तू बाहेरून आला. मी सोवळ्यात आहो. शिवशीन तं पाह्य!"

आता चित्र असं: स्वयंपाकघरात सिलिंडर सूं करतोय, मधे नुसता एक पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे आत्याबाई पेटता दिवा घेऊन बसलेल्या. आणि हे सगळं कोणामुळे? मला तेव्हा कळलं नव्हतं, पण पोटात कुठेतरी त्या अक्षदा टोचत होत्या.

गाडी आली. आली म्हणजे पार लांब, मारुतीच्या पाराजवळ थांबली. लोक ओरडायला लागले, "इकडे, इकडे या!" पण गाडीतून उतरलेल्या मिशीवाल्या साहेबांनी आधी चिमूटभर माती उचलून हवेत सोडली, ती कुठे उडते ते पाहिलं, आणि वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूने चालत आले. आल्या आल्या सगळ्यांना मागे रेटलं, मोबाइल बंद करायला लावले, बिडीवाल्यांच्या बिड्या विझवल्या. लाइनमनला खांबावरूनच लाइट तोडायला लावली. त्यांच्या हातात गॅस हुंगणारं एक पिवळं यंत्र होतं. ते त्यांनी आमच्या उंबरठ्यापाशी अगदी जमिनीलगत धरलं.

"वर काहून नाही धरत?" ह्यांनी विचारलं.

"हा गॅस हवेहून जड असते. पाण्यासारखा खाली खाली वायते." यंत्र हळूहळू पिक... पिक... करायला लागलं. साहेबांचा चेहरा बदलला. "आत कोन हाय?"

"माही माय. दिव्यापाशी."

"कायच्यापाशी?"

साहेब दारातूनच वाकले. "आजी, दिवा शांत करा अन् बाहेर या."

"तुमी कोन?"

"फायर ब्रिगेड."

"मंग इझवाची घाई तुमाले असनच!"

साहेबांनी आपली पोरं आत पाठवली नाहीत. हळूच ह्यांना म्हणाले, "जबरदस्ती केली अन् झटापटीत दिवा खाली पडला तं? खालीच गॅस येऊन राह्यला. तुमी समजवा, तवरोक माहे लोक पाइप ओढतेत." पाइप पारापासून यायचा होता. यंत्राचं पिक-पिक आता जरा जवळजवळ यायला लागलं होतं. हे समजावत होते, उषाबाई समजावत होती, सरपंचही समजावत होते. आत्याबाई सगळ्यांना एकच उत्तर देत होत्या: "इझनार नाही."

मला कोणी काही विचारलं नाही. मला कोणी कधीच विचारत नाही, आणि ह्याचा एक फायदा असतो: मी कुठे निघाले हेही कोणी पाहत नाही. मी घराला वळसा घालून खिडकीपाशी गेले. खिडकी उघडीच होती. गजांच्या आत, हातभर अंतरावर, दिवा. त्याच्या पलीकडे आत्याबाई, तोंड दाराकडे करून सरपंचांशी भांडताना.

मी गजात तोंड घातलं आणि फुंकर मारली.

ज्योत नुसती डुलली. (माझी फुंकरसुद्धा लाजाळू!)

आत्याबाई वळल्या. त्यांनी आधी ज्योत पाहिली, मग गजांतलं माझं तोंड पाहिलं. एकवीस वर्षांत मी त्यांच्याकडे इतकं सरळ कधी पाहिलं नव्हतं.

"तू?"

एकवीस वर्षं पोटात गेलेला सगळा आवाज गोळा करून मी दुसरी फुंकर मारली. दिवा विझला. शेजारचा कापूस उडाला. आणि एका महालक्ष्मीचा पदरही हलला, असं उषाबाई अजून शपथेवर सांगते.

आत्याबाईंनी विझलेल्या वातीकडे पाहिलं. मग,

"उष्ट्या तोंडानं लक्ष्मीचा दिवा इझवला! थांब, तुले दाखवतो!"

ज्या बाईला उठवायला दोन माणसं लागतात ती बाई उभी राहिली, उंबरठा ओलांडला, साहेबांना बाजूला सारलं (सोवळं तिथेच संपलं!), आणि घराला वळसा घालून माझ्या मागे लागली. मी पळाले. पाराला एक फेरी झाली. गाडीला एक फेरी झाली. मागून साहेबांचा आवाज आला,

"आजी बाहेर आल्या! चला रे आत!"

पुढचं काम त्यांनी इतकं शांतपणे केलं की आमची गडबड आठवून लाज वाटते. खिडक्या उघडल्या, धुक्यासारखा बारीक फवारा मारून गॅस पांगवला, सिलिंडर उभाच उचलून मोकळ्या आवारात नेला आणि स्वतःजवळची टोपी त्यावर दाबून बसवली. सूं थांबलं. मी पाराच्या मागे होते. माझ्या छातीतलं सूंसुद्धा तेव्हाच थांबलं. आत्याबाई धापा टाकत पारावर बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण माझा हात मात्र धरून ठेवला होता. मी पळून जाऊ नये म्हणून असेल.

"याची मूळ टोपी कुठी हाय?" साहेबांनी विचारलं.

मी महालक्ष्म्यांकडे बोट दाखवलं. साहेबांना टोपीत बसलेला गणपती दिसला. त्यांनी हात जोडले.

मग सगळा गॅस निवळल्यावर, लांब मोकळ्यावर, त्यांनी सिलिंडरचं तोंड तपासलं आणि एका चिमट्याने काहीतरी काढलं. तळहातावर ठेवून दाखवलं. कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा.

"हा तोंडातल्या खिळीत, म्हंजे पिनेत, अडकला होता. खिळ वर आलीच नाही, म्हनून गॅस बंद होत नव्हता. हे कोनं टाकलं?"

माझा पदर पुढे आला. आवाज पोटात गेला. फुंकर मारायची ताकद एका दिवसाला एकदाच असते.

"म्या टाकाले लावलं," आत्याबाई म्हणाल्या. "तिले कायले बोलता?"

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्या दुसरीकडेच पाहत होत्या.

"उदबत्तीबी ओवाळली होती काय?" साहेबांनी विचारलं. मी मान हलवली. "टोपी काढाच्या आधी का मंग?"

"आधी," मी म्हटलं. परक्या माणसासमोर माझा हा त्या दिवसातला पहिला शब्द. साहेब पारावर खालीच बसले. रुमालाने मिशी पुसली. मग मला म्हणाले, "ताई, खिडकीपाशी गेल्या ते चुकलंच तुमचं. पुन्हा असं करू नोका, आमी कायले असतो? पन..." आणि हसायला लागले. "आमच्याकडे कोनाले जेवाले बोलवाचं असन तं अक्षद देतेत. तुमची आमाले बराबर पोचली!"

यंत्र घेऊन त्यांनी अख्खं घर पुन्हा फिरून पाहिलं. ते गप्प राहिलं तेव्हाच दिवा परत लावू दिला. आत्याबाईंनी यंत्र मुद्दाम महालक्ष्म्यांच्या पायाशीही धरायला लावलं. लक्ष्म्या उठून गेल्या नव्हत्या. जेवणं दुपारी चार वाजता झाली. पुरण पातळ होतं, पण साहेबांनी चार पोळ्या खाल्ल्या आणि असं मऊ पुरण कधी खाल्लं नाही म्हणाले.

तेव्हापासून दरवर्षी आत्याबाई दिवा लावायच्या आधी खिडकी लावून घेतात आणि मला समोर बसवतात, "तोंड मले दिसलं पाह्यजे" म्हणून. सिलिंडरचं म्हणाल तर मी आता टोपीवरच कुंकू लावते आणि अक्षदा अजिबात टाकत नाही. यापुढे ज्यांना जेवायला बोलवायचं असेल त्यांना मी सरळ फोन करायचं ठरवलं आहे.

(म्हणजे, उषाबाईला करायला लावायचं.)